तेरा मिनिटांचं घर

तांबडवाडीच्या कालमापन प्रयोगशाळेत तीन घड्याळे होती. एक पृथ्वीची वेळ दाखवी, दुसरे मंगळाची. तिसरे शिवराम खैरमोडे यांनी शाळेतल्या मुलांसाठी स्वतः बनवले होते आणि ते या दोन वेळांमधला रोजचा फरक दाखवत असे. मंगळाला स्वतःभोवती फिरायला पृथ्वीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. त्यामुळे मंगळावर एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत चोवीस तास, एकोणचाळीस मिनिटे आणि पस्तीस सेकंद जातात. या काळाला तांबडवाडीत मंगळदिन म्हणत.

"वरची ही एकोणचाळीस मिनिटं पृथ्वीवर कुणाकडेच नाहीत," असे खैरमोडे सर मुलांना सांगत. मग एखादे मूल विचारी, की ती जातात कुठे. त्यावर सर म्हणत, घरी जा आणि सांध्याच्या वेळी डोळे उघडे ठेवा.

त्या दिवशी मुलांची तुकडी नुकतीच परत गेली होती. सर फळा पुसत होते. दारात वेणू टिपणीस उभी राहिली. ती आता नगराची विधी अधिकारी होती आणि तिच्या सहीने अख्खी दालने उघडत किंवा बंद होत. पण याच बाकांवर बसून ती अपूर्णांक शिकली होती, म्हणून 'येऊ का' असे विचारल्याशिवाय ती अजूनही आत येत नसे.

"ये, बस," सर म्हणाले. "निवास कंपनीच्या राजाध्यक्षांचा अर्ज आला वाटतं."

वेणूने मान डोलावली.

हा अर्ज समजायचा, तर तांबडवाडीतले लोक राहात कसे हे आधी समजले पाहिजे. मंगळाच्या जमिनीखाली लाव्हा वाहून गेल्यावर उरलेली एक लांबलचक पोकळी आहे. त्या पोकळीत, प्रत्येकी तीस-चाळीस खोल्यांच्या दालनांत, हे गाव वसलेले होते. खडक कोरून खोली तयार करायची, ती हवाबंद करायची आणि तिच्यात श्वास घेण्याजोगी हवा भरत राहायची, हे फार कष्टाचे काम. म्हणून खोल्या थोड्या आणि माणसे जास्त. यावर पहिल्या वसाहतकारांनी तोडगा काढला, तो म्हणजे पाळीघर. एका खोलीत तीन कुटुंबे, पण एकाच वेळी नाही. प्रत्येकाचे आठ तास. त्या आठ तासांत स्वयंपाक, जेवण, गप्पा, भांडणे, मुलांचा अभ्यास, सगळे उरकायचे. पुढचे आठ तास कामाचे किंवा शाळेचे. उरलेले आठ तास झोपेचे. झोपायला मात्र सगळे सर्वांत खालच्या थरातल्या निद्राकप्प्यांत जात, कारण आकाशातून येणारा घातक किरणोत्सर्ग तिथवर पोचत नाही. निद्राकप्पे नगराचे होते आणि प्रत्येक नोंदलेल्या रहिवाशाला एक मिळे.

एका कुटुंबाचे आठ तास संपले, की त्याची कपाटे, चूल, चित्रे भिंतीत सरकत आणि दुसऱ्याची बाहेर येत. ही उलथापालथ तेरा मिनिटांची. दिवसातून तीनदा तेरा, म्हणजे एकोणचाळीस. मंगळाची ती वरची मिनिटे अशी खर्च होत. या वेळेला सांधा म्हणत आणि ते काम करणाऱ्याला सांधेकरी.

सहाव्या दालनातल्या दुपारच्या सांध्याच्या सांधेकरी सुभद्रा कोळंबकर होत्या. त्यांना सगळे दालन आत्या म्हणे. वेणूच्या काळजीचे कारण त्याच होत्या.

"अरुणप्रभा निवास कंपनीला सहाव्या दालनातल्या भाड्याच्या खोल्यांचं स्वामित्व-रूपांतर करायचंय," वेणू म्हणाली. म्हणजे आजवर जी पाळी भाड्याने दिली जाई, ती आता कायमची विकायची. कंपनीने तशी वाईट वागणूक ठेवलेली नव्हती. राहत्या कुटुंबांना पहिला हक्क, आजच्याच अटींवर, हे नगराने घालून दिलेले बंधन तिने मान्य केले होते. बहुतेक कुटुंबे खूशही होती. फक्त कंपनी आठ तासांची पाळी आठ तास तेरा मिनिटांची करणार होती. सांध्याचे काम नवी यंत्रे अर्ध्या मिनिटात करणार होती.

"आणि सुभद्राबाई?" सरांनी विचारले.

वेणूने कागदांतून त्यांची नोंद काढली. आत्या बावीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर मंगळावर आल्या. तो खोदकामावर होता. तिसऱ्याच वर्षी तो गेला आणि त्याच्या नावावरची पाळी दुसऱ्या कुटुंबाला मिळाली. तेव्हापासून आत्यांकडे घर नव्हते. दालनातली माणसे त्यांना आपापल्या शिध्यातला वाटा देत, निद्राकप्पाही कुणाकुणाच्या नावावर मिळून जाई, आणि एकोणीस वर्षे कुणी काही विचारले नव्हते. पण रूपांतर झाले, की दालनाची नव्याने गणना व्हायची. नियम असा, की ज्याला निदान एक पूर्ण पाळी, म्हणजे आठ तासांचे घर नाही, तो रहिवासी नाही. आणि जो रहिवासी नाही, त्याने पुढच्या यानाने पृथ्वीवर परत जायचे.

"यान ऐंशी दिवसांनी आहे. डॉक्टरांना विचारलं मी. बावीस वर्षं हलक्या गुरुत्वाकर्षणात काढल्यावर त्यांचं हृदय पृथ्वीवर चार दिवसही टिकणार नाही."

"हा नियम कुणा शहाण्यानं केला?"

"मी केला," वेणू म्हणाली. "पलीकडच्या वसाहतीत एकेका कुटुंबाला दोन-दोन तासांच्या पाळ्या विकत होते, सर. माणसं चूल पेटवायची आणि लगेच विझवायची. तसं इथं होऊ नये म्हणून लिहिलं, की आठ तासांच्या खाली घर नाही."

"नियम चांगला आहे मग." सरांनी खडू हातात घेतला. "रूपांतराला परवानगीच नाकारता येत नाही का?"

नाही येत, असे वेणूने समजावून सांगितले. नगरसनदेतच तसे आहे. खोली भाड्याने द्यायची की विकायची, हे मालकाने ठरवायचे. त्यात नगर पडू शकत नाही. पडले तर पृथ्वीवरचे न्यायालय तो आदेश एका बैठकीत रद्द करील. नगराला एवढेच विचारता येते, की खोलीत कोण राहते, किती वेळ राहते आणि त्याला हवा पुरते का.

"म्हणजे मालकी त्यांची, वापर आपला."

"हो. पण आत्यांचा काही वापरच नाही ना कुठल्या खोलीवर."

सर फळ्याला टेकून उभे राहिले. मग त्यांनी मुलांना विचारत तसे, अगदी सावकाश, एकेक विचारायला सुरुवात केली.

"कंपनी नेमकं काय विकणार आहे?"

"प्रत्येकाला मंगळदिनाचा एक तृतीयांश. आठ तास तेरा मिनिटं."

"भाडेकरूंच्या करारात किती वेळ आहे?"

"आठ तास. करारांचे नमुने पृथ्वीवरून आले होते, तिथं चोवीसच्या पुढे रकानाच नव्हता."

"तीन करार मिळून किती?"

"चोवीस." वेणू थांबली.

"आणि खोली दिवसाला किती वेळ असते?"

वेणूने तिसऱ्या घड्याळाकडे पाहिले.

"मग सांग," सर म्हणाले, "त्या तेरा मिनिटांत खोली कोण वापरतं?"

"पण त्या तिथं राहात नाहीत, सर. कामाला जातात. नोकर म्हणून गेलेला माणूस रहिवासी होत नाही."

"कुणाच्या नोकर?"

हा प्रश्न वेणूने स्वतःला विचारलेला नव्हता. ती कागद चाळू लागली. अकरा वर्षांपूर्वी आत्यांनी कंपनीकडे हातमोज्यांची एक जोडी मागितली होती. सांध्यात भिंती गरम असतात आणि बोटे भाजतात, म्हणून. कंपनीने लेखी उत्तर दिले होते, की पाळ्यांच्या मधला वेळ कंपनीने कुणाला दिलेला नाही, त्यात कंपनीचे कोणतेही काम चालत नाही आणि सदर बाई कंपनीच्या नोकर नाहीत. हातमोजे शेवटी दालनातल्या बायकांनी विणून दिले.

"एका जोडीसाठी," सर पुटपुटले. "बरं, तुझ्या नियमात 'राहणं' म्हणजे काय लिहिलंयस?"

वेणूला ते वाक्य पाठ होते. ते म्हणताना तिचा आवाज बदलत गेला. "ज्या व्यक्तीसाठी नगर एखाद्या खोलीत नियमितपणे हवा पुरवतं, ती व्यक्ती तेवढ्या वेळेपुरती त्या खोलीची रहिवासी."

प्रत्येकाच्या गळ्यात बिल्ला असे. दारातले नोंदणीयंत्र तो ओळखी आणि आत जितकी माणसे, तितकीच हवा सोडी. सांध्यात जुने कुटुंब निघून गेलेले असते, नवे आलेले नसते. तेव्हा खोलीत हवा येते ती एकट्या आत्यांच्या नावाने.

सर फळ्याकडे वळले. दालनातल्या खोल्या एकदम बदलत नाहीत, नाहीतर बोळात गर्दी होईल. पहिल्या दाराचा सांधा संपला की दुसऱ्याचा सुरू होतो, मग तिसऱ्याचा. आत्या त्या क्रमाने पुढे सरकत जातात. दर दाराला, वरचे पस्तीस सेकंदही तिघांत वाटून, तेरा मिनिटे बारा सेकंद. सहाव्या दालनाच्या नकाशात दारे होती सदतीस. सरांनी गुणाकार मांडला आणि खडू वेणूच्या हातात दिला. उत्तर तिने लिहिले. आठ तास आठ मिनिटे.

"पूर्ण पाळी," वेणू म्हणाली.

"आणि वर आठ मिनिटं. तांबडवाडीतलं सर्वांत मोठं घर आहे त्यांचं. आपण कुणी कधी बेरीज केली नाही, एवढंच."

सुनावणी पाच दिवसांनी नगरसभेच्या लहान सभागृहात झाली. नगरपंच हमीदा मुजावर होत्या. कमी बोलणाऱ्या आणि प्रत्येक कागद दोनदा वाचणाऱ्या म्हणून त्या प्रसिद्ध होत्या. सहाव्या दालनातली, त्या वेळी घराची किंवा कामाची पाळी नसलेली झाडून सारी माणसे आली होती. गंमत अशी, की त्यांच्यातले बरेच जण एकाच खोलीत वर्षानुवर्षे राहून एकमेकांना प्रथमच पाहात होते. पाळीघरात असेच होते. एकाच्या चुलीवर दुसरा पोळ्या भाजतो, पण गाठ पडत नाही. जी काही ओळख असते ती सांधेकरी ने-आण करतो तेवढी. आत्या सांगत, की पहिल्या पाळीच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, तर खालचे फडताळ त्यांना नको, वरचे द्या. दुसऱ्या पाळीची मुलगी परीक्षेत पास झाली, हे घ्या दोन लाडू. मागच्या बाकांवर एक बाई दुसरीला विचारत होती, "चौदा नंबर, रात्रपाळीच्या तुम्हीच का? अहो, तुमच्या लोणच्यावर आम्ही सहा वर्षं जेवतोय."

आत्या शेवटच्या बाकावर होत्या. त्या दिवशीचे सांधे सकाळच्या सांधेकऱ्याने आपल्या अंगावर घेतले होते, तरी दर तेरा मिनिटांनी त्यांची नजर घड्याळाकडे जात होती.

कंपनीच्या बाजूने तिचे व्यवस्थापक नरहरी राजाध्यक्ष बोलले. ते सभ्य गृहस्थ होते, आवाजही कधी चढत नसे. सांधेकरीण बाईंबद्दल कंपनीला आदर आहे, पण काम करण्यासाठी आत येणारी व्यक्ती रहिवासी नव्हे, असे त्यांनी मांडले. वेणूने हातमोज्यांचे पत्र पुढे केले. राजाध्यक्षांनी ते वाचले आणि खालची सही पाहिली. ती त्यांच्या आधीच्या व्यवस्थापकाची होती. हे पत्र कंपनीला बांधील करते, असे त्यांनी स्वतःच मान्य केले. हवेच्या नोंदीही त्यांनी नाकारल्या नाहीत. मागच्या बाकांवर कुजबुज वाढली. वेणूला वाटले, जिंकलो.

"एकच शंका आहे," राजाध्यक्ष म्हणाले. "टिपणीसबाईंनी सदतीस दारं धरली आहेत. आमचा अर्ज छत्तीस खोल्यांचा आहे. सदतिसावी खोली भाड्याची नाही, कंपनीच्या अधिकाऱ्यांची आहे. नगराच्या नोंदीतही कोळंबकरबाईंच्या नावानं हवा फक्त छत्तीस खोल्यांत सोडली जाते."

मुजावरांनी नोंदवही मागवली आणि दोनदा वाचली. छत्तीसच होत्या. सरांनी नकाशातली दारे मोजली होती, वही पाहिली नव्हती. मुलांना जन्मभर 'मोजण्याआधी वस्तू हातात घ्या' म्हणून शिकवणारा माणूस कागदावर विसंबला होता. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि खाली बसले.

"सात तास पंचावन्न मिनिटं," मुजावर म्हणाल्या. "पाच मिनिटं कमी पडतात."

कुणीतरी मागून म्हणाले, की आमची पाच मिनिटं घ्या. मुजावरांनी मान हलवली. एकाने दिलेली पाच मिनिटे म्हणजे त्याची पाळी आठ तासांच्या खाली, मग तोच रहिवासी राहणार नाही. त्यांनी वेणूकडे पाहिले. "नियम तुमचा आहे, टिपणीसबाई. आज मी तो पाच मिनिटांनी वाकवला, तर उद्या दुसरा कुणी पाच तासांनी वाकवेल."

वेणूला हे माहीत होते. तिने स्वतः हेच सांगितले असते.

मग मुजावरांनी आत्यांना पुढे बोलावले. "सुभद्राबाई, तुम्ही सदतिसाव्या खोलीत जाता का?"

आत्या उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. उत्तर दिले नाही.

"हो किंवा नाही, एवढंच सांगायचंय."

"ताई, मला त्यातलं काही सांगायचं नाही."

वेणू घाईघाईने त्यांच्याजवळ गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, की आत्या, जात असाल तर बोला, तुमचा जीव आहे यात. आत्यांनी तिचा हात थोपटला. जणू अवघड दिवस आत्यांचा नव्हता, वेणूचा होता.

"एका पाळीचं दुसऱ्या पाळीला सांगते मी, ते त्यांनीच सांग म्हटलेलं असतं म्हणून," त्या मुजावरांना म्हणाल्या. "पण कुणाच्या घरातलं बाहेर कधी बोलले नाही. बोलले असते, तर माणसांनी मला एकटीला घरात सोडलं असतं का? आता जाताना कशाला बोलू?"

मुजावरांनी लेखणी उचलली.

"थांबा," राजाध्यक्ष म्हणाले. ते उभे राहिले आणि नेहमीच्याच स्वरात त्यांनी विचारले, "मी अर्जदार आहे. माझ्या अर्जाच्या विरुद्ध जाणारी गोष्ट मी सांगितली, तर ती नोंदली जाईल?"

"तुम्ही बोलाल ते सगळं नोंदलं जाईल."

"मग घ्या. सदतिसाव्या खोलीत पहिली पाळी माझी असते. नगराच्या वहीत माझं पान काढा. माझ्या नावानं तिथं रोज किती वेळ हवा सोडली जाते?"

मुजावरांनी पान काढले. "आठ तास तेरा मिनिटं."

"माझी पाळी आठ तासांची आहे. आता माझ्या कार्यालयाच्या दाराची नोंद पाहा."

खैरमोडे सर हे ऐकता ऐकता पुढे येऊन वहीवर वाकले होते. पान उलटले तसे त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकले. गेली नऊ वर्षे, रोज तेरा मिनिटे, नरहरी राजाध्यक्ष एकाच वेळी दोन ठिकाणी श्वास घेत होते.

"एका माणसाला ते जमत नाही," सर म्हणाले.

"नाही जमत. त्यातला एक श्वास माझा नाही." राजाध्यक्षांनी मागे वळून आत्यांकडे पाहिले, मग पुन्हा मुजावरांकडे. "कंपनीच्या खोलीत बाहेरच्या माणसाला घ्यायला मनाई आहे. म्हणून माझ्याकडचा दुसरा बिल्ला मी यांना दिला. त्यांनी मागितला नव्हता, मीच गळ घातली. दुसऱ्या पाळीला कंपनीच्याच पुरवठा खात्याचे बारटक्के असतात. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, पण आम्ही बुद्धिबळ खेळतो. मी निघताना एक खेळी करून जातो. ते आल्यावर एक करतात. पट भिंतीत सरकला की सोंगट्या पडतात, त्यामुळे मधल्या सांध्यात पट कुणीतरी हातात धरून उभं राहावं लागतं. नऊ वर्षं आत्या तो धरून उभ्या आहेत."

"बारा मिनिटं सगळं आवरायचं, एक मिनिट पट," आत्या नाइलाजाने म्हणाल्या. आता ते राजाध्यक्षांनीच सांगितले होते.

मुजावरांनी राजाध्यक्षांना विचारले, की याचा परिणाम तुम्हाला कळतो ना. कंपनी तुमच्यावर कारवाई करील आणि तुमचा अर्जही जसा आहे तसा मंजूर होणार नाही.

"अर्ज मीच लिहिलाय, कळतो मला. आठ तास तेरा मिनिटं आम्हाला विकता येणार नाहीत, कारण त्यातली तेरा आमच्या हातात कधी नव्हतीच. आठ तास विकू. तेवढ्यानं कंपनी बुडत नाही." मग ते थोडे अडखळले. "आणि डाव चालू आहे, पंचबाई. बारटक्क्यांचा वजीर कोंडलाय. या घडीला डाव मोडला, तर मी मुद्दाम मोडला असं ते म्हणतील."

त्यावर शेवटच्या बाकावरून एक जाडजूड गृहस्थ उठला. "तसं मी म्हटलंच असतं," तो म्हणाला. "मी बारटक्के. आणि वजीर कोंडलेला नाही." दोघांनी एकमेकांकडे प्रथमच पाहिले. सभागृहात हशा पिकला तेव्हा मुजावर कागद दुसऱ्यांदा वाचत होत्या.

आदेश छोटा होता. सहाव्या दालनातल्या खोल्या कुणी कुणाला विकाव्यात, हे नगर सांगू शकत नाही. त्या कोण वापरते, एवढेच नगर सांगू शकते, आणि ते असे: प्रत्येक खोलीत दिवसाला आठ तास पहिल्या कुटुंबाचे, आठ दुसऱ्याचे, आठ तिसऱ्याचे, आणि दुपारचा सांधा सुभद्रा कोळंबकर यांचा. सदतीस खोल्या मिळून त्यांचे घर आठ तास आठ मिनिटांचे आहे. त्या तांबडवाडीच्या पूर्ण रहिवासी आहेत आणि आजवर ज्या अटींवर राहिल्या, त्याच अटींवर पुढेही राहतील. रूपांतर करायचे असेल, तर या घराला धक्का न लावता करावे.

आत्यांनी आदेश ऐकला आणि विचारले, "मग मी जाऊ? तेवीस नंबरचा सांधा होईल आता. त्या सकाळच्या पोराला त्यांचं मोठं कपाट एकट्याला ओढवत नाही."

"नोंदणी करून जा," वेणू म्हणाली. तिला हसूही येत होते आणि डोळेही पुसायचे होते. "दोन मिनिटं लागतील."

दोन मिनिटांत ते झाले नाही. रहिवाशाच्या नोंदपत्रात एक रकाना असतो, 'घरातील व्यक्ती'. बंद हवेत एकाचा खोकला दुसऱ्याला लागतो, म्हणून त्या खोलीची हवा घेणाऱ्या सर्वांची नावे यंत्र तिथे आपोआप छापते. साधारण कुटुंबाच्या पत्रावर तीन-चार नावे स्वतःची आणि सात-आठ नावे खोलीतल्या इतर दोन पाळ्यांची, एवढ्यावर यादी संपते. आत्यांच्या पत्राचे पहिले पान भरले, दुसरे भरले, तिसरे सुरू झाले. आधी वेणूला वाटले यंत्र बिघडले. मग तिच्या ध्यानात आले, की यंत्र नियमाप्रमाणेच चालले आहे. खोल्या सदतीस, प्रत्येकीत तीन पाळ्या, आणि आत्या सगळ्यांच्या घरातल्या. नवरा गेल्यावर केलेल्या जुन्या नोंदीत त्याच रकान्यात 'कोणी नाही' असे लिहिलेले होते.

यंत्र थांबले तेव्हा अकरा पाने झाली होती. शेवटी बेरीज होती, चारशे चौदा. वेणूने पाने जुळवून आत्यांच्या हातात दिली आणि सही करण्याआधी एकदा पाहून घ्या म्हणाली. पाहण्यासारखे काय आहे, असे तिला वाटले होते. पण आत्या खुर्चीवर बसल्या, बोट ठेवून एकेक नाव वाचू लागल्या आणि तेवीस नंबरचा सांधा त्यांच्या डोक्यातून गेला. एखाद्या नावापाशी त्या हसत. एकदा 'हा आता मिशी ठेवतो' असे स्वतःशीच म्हणाल्या. खैरमोडे सर शेजारी उभे राहून पाने उलटायला मदत करत होते. तेही सहाव्या दालनातलेच, त्यामुळे त्यांचे स्वतःचे नाव पाचव्या पानावर होते. त्यावर आत्यांचे बोट थांबले नाही, म्हणून ते थोडे हिरमुसलेही.

नवव्या पानावर बोट थांबले. वर गेले, पुन्हा खाली आले.

"वेणूताई, यात एक राहिलंय."

वेणू म्हणाली, की यंत्राचे सहसा चुकत नाही. बिल्ला असलेला प्रत्येक जण त्यात येतो.

"तिला बिल्ला कुठला? काल रात्री झाली. अठ्ठावीस नंबर, तिसरी पाळी." आत्यांनी पाने तिच्याकडे परत केली. "नाव अजून ठेवलेलं नाही, पण हवा घेतेय ना ती. लिहा."

वेणूने लेखणी उघडली आणि त्या रकान्याच्या शेवटी, हाताने, चारशे पंधरावी ओळ लिहिली.